जाळ्यामागची जागा

टॅमरॅक, ९ नोव्हेंबर २०१०

बाबा,

'प्रिय' लिहून खोडले आहे असे समजू नका. ते लिहिलेच नाही. तुम्ही गेल्यापासूनचे हे माझे पहिले पत्र आहे आणि ते माझ्याविषयी नाही, त्यामुळे उत्तरातून माझी विचारपूस वगळलीत तरी चालेल.

पत्र एल्मोराच्या आइस हॉकी रिंकच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी फोन केला असता तर तो डार्लीनने उचलला असता, किंवा तिच्या मुलीने. अनोळखी आवाज कानावर पडला की माझे शब्द घशातच राहतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. कागदावर मी अडखळत नाही.

मुद्दा ब्रिटाचा आहे. शनिवारी सराव संपल्यावर पेल्टो सरांनी तिला बर्फावरच थांबवून घेतले. ती घरी आली तेव्हा तिच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्यात नुसता मोजा. झालेले संभाषण तिने आम्हाला जसेच्या तसे करून दाखवले, सरांच्या खाकरण्यासकट.

“लेकहेवन कॉलेजच्या कोच केसलबाईंचा निरोप आहे. दोन हजार बाराच्या तुकडीत त्यांना एकच गोलकीपर घ्यायची आहे. दोन मुली डोळ्यांसमोर आहेत. एक तू.”

“आणि दुसरी कोण, कोच?”

“ते नाही बोलल्या. जी आधी फोन करून हो म्हणेल, तिची जागा.”

“मग त्यांनीच मला का नाही फोन केला?”

“नियम आहे ना बाई! अकरावीतल्या पोरीला त्यांनी फोन करायचा नसतो. तू केलास तर उचलता येतो. तेव्हा बोट तुझं, बटण तुझं.”

आघाडीला खेळणाऱ्या मुली कॉलेजे दरवर्षी मूठभर घेतात. गोलकीपर एकच. ती जागा भरली की भरली.

आता अडचण अशी आहे. ब्रिटाच्या पलंगाच्या पायाकडच्या भिंतीवरचे मोठ्या विद्यापीठाचे चित्र तुम्हीच लावलेले आहे. त्याचा वरचा उजवा कोपरा अजून तुमच्याच चिकटपट्टीने धरलेला आहे. तिथला कोच नाताळच्या स्पर्धेला मुली बघायला येणार आहे. तोवर थांबले तर कदाचित ते दार उघडेल, पण लेकहेवनचे तेवढ्यात दुसरीसाठी बंद होईल. आत्ता लेकहेवनला हो म्हटले तर मोठ्याचा विचारच सोडायचा. कागदावर सही पुढच्या वर्षी व्हायची असली आणि तोंडच्या शब्दाला कायदा विचारत नसला, तरी आपल्या गावात शब्द फिरवून कोणाला वाणसामानाच्या दुकानात मान वर करून उभे राहता येत नाही. पेल्टो सर तर म्हणाले, “तू शब्द मोडलास तर तुझ्यामागून येणाऱ्या प्रत्येक पोरीचा शब्द मोडका ठरेल.”

ब्रिटाचे गुण तुम्ही जाताना होते तसेच आहेत. शिष्यवृत्तीवाचून कॉलेज नाही आणि हॉकीवाचून शिष्यवृत्ती नाही. दोन्ही दारे लागली तर उरते ते वृद्धाश्रमाचे स्वयंपाकघर, आईच्या शेजारच्या शेगडीवर. हे वाक्य माझे नाही, आईचेच आहे.

आईचे मत ऐकायचेच असेल तर ऐका: “हातात आलंय ते घे. ते मोठं विद्यापीठ भिंतीवर छान दिसतं, भिंतीवरच राहू दे.”

यावर ब्रिटा म्हणाली, “मला बाबांना विचारायचंय.”

त्यानंतर आईने भांडी जरुरीपेक्षा जोरात घासली. ब्रिटाने तो विषय पुन्हा काढला नाही. तिच्याकडे तुमचा पत्ता नाही. माझ्याकडे होता.

तुम्ही तिच्या जाळ्यामागे काचेला लागून उभे राहत असा. प्रत्येक सत्रानंतर संघांनी बाजू बदलल्या की कॉफीचा पेला सांभाळत अख्ख्या रिंकला वळसा घालून तुम्ही दुसऱ्या टोकाला जात असा. लोक हसत असत: आर्ने निघाला, सत्र संपलं! ती जागा आता रिकामी असते. इतर मुलींचे पालक तिथे उभे राहत नाहीत, का ते मी विचारलेले नाही. ब्रिटा अजूनही सामना सुरू होण्याआधी स्टिकने डावा खांब वाजवते, मग उजवा. पूर्वी त्यानंतर ती मागे वळून बघत असे. आता बघत नाही.

केसलबाईंना तुम्ही ओळखता. तुम्ही सांगाल ते ती ऐकेल. हो म्हणावे की थांबावे, एवढेच कळवा. उत्तर माझ्या कामावर, ग्रंथालयाच्या पत्त्यावर पाठवा. घरी टपाल आई उघडते.

सिग्ने


टॅमरॅक, १५ नोव्हेंबर

बाबा,

तुमचे पत्र मिळाले. सहा ओळींपैकी दोन हवामानाच्या होत्या, तरी जे हवे होते ते त्यात होते: 'थांब म्हणावं. गोलकीपरने आधी हलायचं नसतं.'

हे मला परके नाही. तुम्ही तिला हेच शिकवत आलात. समोरची फटका मारण्याचा आव आणील, खांदा पाडील, नजर फेकील. तू हलू नकोस. तिला आधी हलू दे. तू आधी हललीस की जाळ्यात भोक पडलेच.

मी ब्रिटाला सांगितले. ती पलंगावर पडून पायाने भिंतीवर ताल धरत होती. ताल थांबला.

“बाबांना लिहिलंस तू? खरंच?”

“त्यांचं उत्तर आलंय.”

“काय म्हणाले?”

मी सांगितले. ती उठून बसली आणि इतकी हसली की मला खोलीतून निघून जावेसे वाटले. “अगदी त्यांचंच वाक्य! मग थांबते. नाताळपर्यंत थांबते. सिग, ते येणारेत का स्पर्धेला?”

“विचारलं नाही.”

“नको विचारूस. येतील.”

ती थांबली आहे, बाबा. तुमच्या दोन ओळींवर. परंतु थांबणे हे घरातल्या इतरांनाही करावे लागते, याचा तुम्ही विचार केला असेल असे वाटत नाही. टेलिफोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे आणि आम्ही तिघी त्याच्याकडे पाठ करून जेवतो. ती दुसरी मुलगी कुठेतरी अशाच एका टेलिफोनजवळ बसलेली असेल. तिचे बोट कधी उठेल? कदाचित उठलेही असेल. आम्हाला कळणार तरी कसे? काल आईने बटाटे सोलता सोलता विचारले, “थांबायला सांगितलं कोणी?”

“कोचनी,” ब्रिटा म्हणाली.

“पेल्टोने? तो दुकानाच्या दाराशी दुसऱ्याला बाहेर येऊ द्यायलाही थांबत नाही, तो तुला थांब म्हणाला?”

 आईने पुढचा बटाटा घेतला. तिला संशय आला आहे. माझ्याकडे तिने पाहिले नाही, हे त्याचे लक्षण.

शुक्रवारी मोसमातला पहिला सामना आम्ही जिंकलो. ब्रिटाच्या जाळ्यात एकदाही ती रबरी चकती गेली नाही.

तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही विचारले आहे की, त्या दुसऱ्या मुलीचे नाव पेल्टो सरांना कळले आहे का. नाही कळले. तुम्ही हे का विचारलेत ते माझ्या लक्षात आले नाही.

आईविषयी विचारले आहे. ती बरी आहे.

सिग्ने


टॅमरॅक, १८ नोव्हेंबर

बाबा,

आता लक्षात आले.

आज दुपारी पेल्टो सर ग्रंथालयात आले. हरणांच्या शिकारीचे दिवस असल्यामुळे ते नारिंगी कोटातच होते आणि घोडेस्वारांची ती एकच कादंबरी त्यांना पुन्हा मुदतवाढ करून हवी होती. मी शिक्का उचलला, तेव्हा ते टेबलावर वाकले. ग्रंथालयात सर दबक्या आवाजात बोलतात. पण त्यांचा दबका आवाज नियतकालिकांच्या कपाटापर्यंत पोचतो.

“तुझ्या बहिणीला विचार, तिचं बोट गोठलंय का म्हणून. बारा दिवस झाले!”

“ती थांबली आहे, सर.”

“कशासाठी?”

मी शिक्का शाईत टेकवला. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी टोपी काढली. त्यांना टोपी काढताना मी पूर्वी फक्त दफनाच्या वेळी पाहिले आहे.

“सिग्ने, ती दुसरी पोरगी कोण ते कळलंय मला. काल एल्मोराच्या कोचशी फोन झाला. त्यांचीच आहे. टेसा.” मग, मला नाव कळले नसेल असे समजून: “तुझ्या बापाच्या घरातली.”

शिक्का माझ्या हातात होता. तो मी नेमका कशावर मारला ते सर गेल्यावर पाहिले.

आता मी तुम्हाला एक प्रश्न विचारते आणि तो शक्य तितक्या नीट विचारण्याचा प्रयत्न करते. एका जागेसाठी दोन मुली आहेत. जी आधी हलेल तिची जागा. त्यांतल्या एकीच्या घरी तुम्ही जेवता. दुसरीला तुम्ही पत्राने कळवता की हलू नकोस. हे वाचणाऱ्याने काय समजावे? 'दुसऱ्या मुलीचे नाव कळले आहे का' हे तुम्ही विचारलेत, ते आम्हाला काय ठाऊक आहे हे चाचपण्यासाठी, असे मी समजू नये काय?

ब्रिटा त्या वाक्याने हसली होती. ते हसू मी तुम्हाला कळवले, याचा मला आज सर्वांत अधिक राग येतो आहे.

मी तिला आज सगळे सांगणार आहे. तुम्हाला आधी कळावे एवढ्यासाठी हे पत्र सांगण्यापूर्वी टपालात टाकते आहे. ही सभ्यता आहे, सवलत नव्हे. पत्र तुमच्या हाती पडेल तोवर जे व्हायचे ते झालेले असेल.

सिग्ने


टॅमरॅक, २० नोव्हेंबर

बाबा,

झाले. कसे झाले ते तुम्हाला कळावे असे मला वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सांगितले तेव्हा ब्रिटा पॅडचे पट्टे दुरुस्त करत होती. तिने सुई खाली ठेवली नाही.

“नाही,” ती म्हणाली. “ते असं नाही करणार.”

“टेसा त्यांच्या घरात राहते, ब्रिटा.”

“माहितेय मला कुठे राहते. ते असं नाही करणार.”

“मग तुझं नाव त्यांना ठाऊक असताना तिचं नाव तुला का नाही कळवलं?”

 तिने पट्टा शिवून पुरा केला, दोरा दाताने तोडला आणि मग म्हणाली, “नंबर कुठाय?”

काल शाळा सुटल्यावर फोन लावायचे ठरले. आई कामावरून लवकर आली. तिच्या हाताला पीठ होते आणि ते धुवायला ती विसरली. ब्रिटाने आकडे फिरवले. पलीकडे केसलबाईंच्या मदतनीस होत्या.

“त्या बर्फावर आहेत, बाळ. तासाभराने कर.”

“त्या मला उलट फोन—”

“नाही ना करू शकत. तुलाच करावा लागेल.”

तुम्ही असता तर तुम्ही त्या तासात काय केले असते? आईने स्वच्छ असलेली शेगडी कोरड्या फडक्याने पुसली. मी एक पुस्तक उघडले आणि बंद केले. ब्रिटा भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली, गुडघे पोटाशी घेऊन, सामन्यात चकती पलीकडच्या टोकाला असते तेव्हा तिचा चेहरा होतो तसा चेहरा करून.

“ती आत्ता करत असेल,” ब्रिटा म्हणाली.

“कोण?” आईने विचारले.

“टेसा.”

आईचे फडके थांबले. तिला नाव तेव्हा कळले. माझ्याकडे वळून ती एवढेच म्हणाली, “तू लिहिलंस त्याला.” मी मान डोलावली. मला वाटले ती ओरडेल. ती म्हणाली, “आणि त्याने थांब सांगितलं. वा! सांगणारच. दुसऱ्याला थांबवून आपण निघून जायचं, हे त्याला छान जमतं.”

“आई, पुरे,” ब्रिटा म्हणाली.

तास भरण्याआधीच तिने पुन्हा फोन लावला. लाइन व्यस्त होती. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. कोणाशी बोलत होत्या केसलबाई? आम्ही तिघींनीही हा प्रश्न मोठ्याने विचारला नाही. ब्रिटाने टेलिफोनची गुंडाळी दोरी बोटाला इतकी आवळली होती की बोट पांढरे पडले होते. चौथ्या वेळी घंटी वाजली.

“केसल.”

त्यांचा आवाज खोलीभर ऐकू आला. ब्रिटाने काय बोलायचे ते मी तिला एका कागदावर सुबक लिहून दिले होते. तिने कागदाकडे पाहिलेही नाही.

“मी ब्रिटा. टॅमरॅकची. जागा आहे का अजून?”

“आहे.”

“मग हो. माझं हो आहे.”

पलीकडून हसणे ऐकू आले. “बरं झालं आजच केलास. मॅनिटोबाची एक मुलगी इथे येऊन सगळं बघून गेलीय. तुमच्यापैकी कोणीच हलेना, म्हणून आज तिलाच विचारायचं ठरवलं होतं. ब्रिटा, हा शब्द आहे ना तुझा?”

“शब्द आहे.”

तिने फोन ठेवला. आईने पिठाच्या हातांनी तिला कवटाळले. तिच्या काळ्या स्वेटरवर पाठीवर दोन पांढरे पंजे उमटले. ब्रिटा हसली, मग खोलीत गेली. मला वाटले होते ती चित्र काढील. तिने काढले नाही. फक्त त्याच्याकडे पाय करून झोपायची ती आता डोके त्या बाजूला करून झोपते, म्हणजे ते दिसत नाही.

आता तुमच्या घरात काय चालले असेल, याची मला कल्पना करायची नाही.

सिग्ने


टॅमरॅक, २ डिसेंबर

बाबा,

उत्तर नाही. ते नसणे हेच उत्तर असे मी धरून चालले आहे.

११ तारखेला एल्मोराचा संघ इथे येतो आहे. जाळी दोन असतील. तुम्ही कोणत्या मागे उभे राहाल, हे ब्रिटाने विचारलेले नाही. मी विचारते आहे.

सिग्ने


टॅमरॅक, १२ डिसेंबर

प्रिय बाबा,

काल तुम्ही मला पाहिलेत की नाही, कोण जाणे. मी खेळाडूंच्या फाटकाशी, आईच्या बाकाला लागूनच, पाण्याच्या बाटल्या धरून उभी होते आणि तुमच्याकडे बघायचे नाही असे ठरवून सबंध संध्याकाळ तुमच्याकडेच बघत होते.

पहिल्या सत्रात तुम्ही टेसाच्या मागे होतात. प्रेक्षकांत कुजबुज झाली. आमच्या मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, “बघा, मुक्काम हलला तशी जागाही हलली.” आई समोर बघत राहिली. सत्र संपले, संघांनी बाजू बदलल्या आणि सगळ्या रिंकचे डोळे तुमच्या पायांवर खिळले: आर्ने आता वळसा घालतो की नाही? तुम्ही हलला नाहीत. तुम्ही तिथेच राहिलात आणि ब्रिटा तुमच्या पुढ्यात आली.

तिने डावा खांब वाजवला. उजवा वाजवला. मग ती मागे वळली. तुम्ही तिला काय खूण केलीत ते तुमची पाठ माझ्याकडे असल्यामुळे मला दिसले नाही. तिचा चेहराही जाळीच्या मुखवट्यात होता. पण त्या सत्रात तिने जे काही अडवले, ते अडवताना ती कुठेही घाईत नव्हती.

तिसऱ्या सत्रात टेसा परत तुमच्या बाजूला आली, आणि तुम्ही तिथेच राहिलात. “चालायचा कंटाळा आला असेल,” आई थर्मासचे झाकण लावत म्हणाली. “वय झालं.” मीही मनात हेच लिहून ठेवले होते, फक्त अधिक कडवट शब्दांत. शेवटच्या मिनिटांत एल्मोराने दुसरा गोल केला आणि आम्ही हरलो.

नंतर दोन्ही संघ हात मिळवायला रांगेत आले. गोलकीपर नेहमीप्रमाणे शेवटी. टेसा मी समजत होते त्याहून बरीच लहान दिसते. मुखवटा डोक्यावर सरकवलेला, नाक लाल. त्या दोघी माझ्यापासून हातभर अंतरावर थांबल्या.

“अभिनंदन,” टेसा म्हणाली. “लेकहेवनचं.”

“थँक्स. तुमचंही. आजचं.”

“मी पण फोन करणार होते. निरोप आला त्याच दिवशी. हातात घेतला होता फोन.”

“मग?”

“आर्ने म्हणाले, थांब. गोलकीपरने आधी हलायचं नसतं.”

ब्रिटाचा हात तिच्या हातातच राहिला. “मलाही तेच कळवलं त्यांनी.”

“माहितेय. सांगितलं होतं त्यांनी मला. दोघींना एकच सांगतोय, म्हणाले, म्हणजे कोणी कोणाचं काही घेतलं असं नको व्हायला. म्हणाले, तुम्ही दोघीही मोठ्या विद्यापीठाच्या लायकीच्या आहात, त्या कोचला बघू तर दे.” ती किंचित हसली. “तू ऐकलं नाहीस.”

“नाही.”

“मी ऐकलं.”

एवढेच. मागून कोणीतरी हाक मारली आणि ती निघाली, मग पुन्हा वळून म्हणाली, “त्या दिवसापासून बोलत नाहीये मी त्यांच्याशी. आज मागे येऊन उभे राहिले तेव्हा म्हटलं, राहू देत.”

माझ्या हातातली एक बाटली केव्हा रिकामी झाली आणि माझ्या बुटात पाणी कसे गेले, ते मला सांगता येत नाही.

बाबा, तुम्ही लबाड नव्हतात. तुम्ही चुकलात. माझ्या पत्रात मी एका शब्दाच्या जागी दुसरा वापरला, आणि शब्दांच्या बाबतीत मी एरवी काटेकोर असते. तुम्ही दोघींना अगदी समान तोलले, आणि त्या समान तोलण्यात दोघीही बुडाल्या असत्या. मॅनिटोबाची मुलगी त्या दोघींच्या मधून आरामात आत गेली असती. एक वाचली ती मी तुमच्यावर अविश्वास ठेवायला शिकवले म्हणून. दुसरी गेली ती तिने विश्वास ठेवला म्हणून. हे वाक्य मी कालपासून निरनिराळ्या तऱ्हांनी लिहून पाहिले. कोणत्याही तऱ्हेने ते सोपे होत नाही.

आणि तुम्ही उत्तर का दिले नाहीत? 'टेसालाही हेच सांगितले आहे' एवढी एक ओळ पुरली असती. मी आरोप केला आणि तुम्ही स्थिर उभे राहिलात, मी आधी हलण्याची वाट बघत. तुमच्याकडे येणारी प्रत्येक गोष्ट चकती नसते, बाबा. काही गोष्टींकडे पुढे होऊन जावे लागते.

घरी येताना गाडीत ब्रिटा पुढे बसली होती. बराच रस्ता गेल्यावर म्हणाली, “मी म्हटलं होतं, ते असं नाही करणार.”

“म्हटलं होतंस,” मी म्हणाले.

“तरी फोन केला मी.”

“केलास ते बरं केलंस,” आई म्हणाली. “दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. मी त्याच्याशी लग्नही केलं होतं.”

ब्रिटा हसली. मग तिने मला सांगितले की तुम्हाला लिही, आणि काय लिहायचे तेही सांगितले. ते तिच्याच शब्दांत देते.

“नाताळला तो मोठा कोच येणार आहे, तो आता टेसाला बघेल. मी पहिल्यापासून त्याचं सगळं वाचत आलेय, पेल्टो कोचनाही विचारलंय. तो किती फटके अडवले ते मोजत नाही, ते काय सगळ्याच अडवतात. चकती लांब पलीकडच्या टोकाला असते ना, तेव्हा गोलकीपर काय करते ते तो बघतो. टेसा तेव्हा खांबाला टेकून उभी राहते. आज दोनदा टेकली. बाबांना सांग, तिला म्हणावं टेकू नकोस. मी सांगितलं असं तिला सांगू नका म्हणावं, ती ऐकणार नाही. आणि ते स्वतः सांगतील तरी आता ती ऐकेल का, देव जाणे, पण सांगू तर देत.”

आज सकाळपासून आई नाताळच्या लेफ्से लाटते आहे. मी टेबलाच्या कडेला लिहीत बसले आहे आणि कागदावर पीठ पडते आहे; ते दिसले तर क्षमा करा. आत्ताच तिने बटाट्याच्या त्या पातळ पोळ्यांची एक चवड फडक्यात बांधून माझ्यापुढे ठेवली.

“एवढं लांबलचक लिहितेच आहेस, तर हेही पाठव.”

“बाबांना?”

“त्या पोरीला. त्याने खाल्ल्या तर माझा इलाज नाही.”

तेव्हा पुडके सोबत आहे.

एक राहिले. ब्रिटाला मी विचारले की नाताळच्या स्पर्धेत तुम्ही कुठे उभे राहावे असे तिला वाटते. आपल्या दोन्ही गावांचे सामने एकाच रिंकवर आहेत, एकामागून एक. ती पॅड वाळत घालत होती. म्हणाली, “तिच्या मागे. प्रत्येक सत्राला. वळसा घालून घालून जा म्हणावं, पूर्वी जायचे तसे, म्हणजे तिला दिसेल.”

“आणि तुझ्या सामन्याला?”

“दमतील तोवर. घरी जाऊ देत.” तिने दुसरे पॅड दोरीवर टाकले. “मला सवय आहे. हे लिहू नकोस हं, सिग.”

मी लिहिले आहे.

सिग्ने